काड्यांची घरं

बावीस वर्षं मी कार्यानुभव शिकवला. पाचवी ते आठवी, आठवड्याला दोन तास. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तेही नाहीत. या बावीस वर्षांत माझ्या हाताखालून आइस्क्रीमच्या काड्यांची किती घरं गेली याचा हिशेब नाही. त्यातली एकही काडी कुणी आइस्क्रीम खाऊन राखलेली नव्हती. पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या बाजूला, या काड्यांची कोरी पाकिटं मिळतात, रंगवलेलीसुद्धा. मी ती घाऊक आणायचे, मुलांकडून पैसे गोळा करायचे आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचे: टाकाऊतून टिकाऊ.

हे तेव्हा मला जराही खटकलं नाही.

मुलांना करायला लावायचं ते मी आधी घरी करून बघायचे, त्यामुळे घराचीही तीच गत. दिवाणखान्यात सरबताच्या तीन बाटल्या होत्या, टिश्यू पेपर चिकटवून, रंगवून, वॉर्निश मारलेल्या. त्यांत काहीच ठेवता यायचं नाही. फुलांना तोंड अरुंद, आणि पाणी घातलं की तळाला शेवाळ. खिडकीत जुन्या सीडींचं तोरण होतं. दुपारी त्याचे कवडसे समोरच्या इमारतीतल्या आजोबांच्या डोळ्यांवर पडायचे; त्यांनी दोनदा निरोप पाठवला. बाल्कनीत कोल्डड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटल्या आडव्या कापून टांगल्या होत्या, प्रत्येकीला डोळे, नाक, मिशा. पारदर्शक प्लास्टिकमधून ऊन थेट मुळांवर यायचं, ओंजळभर माती तापायची आणि मेथी चार पानांवर मान टाकायची. मिशा मात्र ताठ.

एकदा नवऱ्याने पाठकोऱ्या कागदावर मांडून दाखवलं. बाटली फुकट. फेविकॉल, तीन रंग, वॉर्निश, लेस, मोती मिळून १८० रुपये. ‘एवढ्यात फुलदाणी येते,’ म्हणाला. मी म्हटलं, कलेत पैसे मोजायचे नसतात. वर्गात मात्र हीच बाटली मी काटकसरीचं उदाहरण म्हणून फिरवायचे.

मग घर रंगवायला काढलं. सामान हलवताना या सगळ्याचं ओझं कळलं आणि मी दोन पिशव्या भरून आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या मावशींपुढे ठेवल्या. जरा मिरवतच ठेवल्या, खरं सांगायचं तर. त्यांनी एक बाटली उचलली, उलटी केली, वॉर्निशवर नख ओढून बघितलं आणि बाजूला ठेवली. दुसरी, तिसरी. मग मिशावाल्या प्लास्टिकच्या. सगळ्या त्याच ढिगात.

‘बाई, ह्या आता कोन नाय घेनार. साध्या असत्या तर गेल्या असत्या.’

पुण्यातल्या कचरावेचक बाया १९९३ पासून कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत संघटित आहेत, हे मला वर्तमानपत्रातून माहीत होतं. त्यांची नजर किती शिकलेली असते ते त्या दिवशी जिन्यात उभं राहून पाहिलं. साधी काच वेगळी, रंगीत वेगळी. पाण्याची स्वच्छ बाटली भंगारवाल्याकडे वजनावर जाते, पुढे तिचे तुकडे होतात, त्यांचा धागा होतो, कापड होतं. पण तिला गोंद, ॲक्रिलिक आणि लेस लागली की तिला घेऊन कुणी काय करायचं? मी ज्याला जीवदान म्हणत होते, त्यानेच बाटलीचा पुढचा रस्ता बंद झाला होता. दोन्ही पिशव्या शेवटी मिश्र कचऱ्यात गेल्या.

घरच्या पसाऱ्याचं एवढं काही नाही. जिवाला लागलं ते शाळेचं. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभवाची शिफारस केली, त्याच्याही आधी १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी नई तालीम मांडली, हे डी.एड.ला मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. मार्कही बरे पडले होते. नई तालीममधलं पोर टकळीवर सूत काढायचं ते कापडासाठी, टेबलावर मांडायला नव्हे. माझ्या वर्गातल्या वस्तू आधी परीक्षणाच्या टेबलावर जायच्या, मग कपाटावर, आणि मे महिन्यात शिपाईमामा त्या पोत्यात भरायचे. त्यातल्या निम्म्या आईबापांनी रात्री अकराला बसून केलेल्या असायच्या. मला ते गोंदावरून कळायचं. मुलांनी केलेल्या वस्तूला ओघळ असतो. कळूनही मी स्वच्छ वस्तूलाच पहिला नंबर दिला, ही कबुली यात आलीच पाहिजे. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हाही मी थांबून विचार केला नाही. थर्माकोलच्या जागी फोम शीट आणली आणि तोच किल्ला पुढे चालू.

आता आईच्या वाकळेचं. हे लिहायला मला सोपं नाही.

पुण्यामुंबईत गोधडी म्हणतात, आमच्याकडे खानापूर तालुक्यात वाकळ. डी.एड.साठी सांगलीला गेले तेव्हा आईने वळकटीत नवी शिवलेली वाकळ बांधून दिली होती. होस्टेलवर पहिल्या रात्री ती अंथरली, तर खोलीतली एक मुलगी म्हणाली, ‘अगं, ही तर चिंध्यांची!’ वाईट मुलगी नव्हती ती, पुढे मैत्रीणच झाली. पण मी रातोरात वाकळ खाटेखाली सारली. महिन्याभरात पैसे साठवून सोलापुरी चादर घेतली आणि वाकळ गावच्या माणसाबरोबर एसटीने परत पाठवली. इथे गाद्या मिळतात, असा निरोप दिला. गाद्या नव्हत्या. आईने उलट निरोप धाडला, ‘बरं झालं, म्हाताऱ्याला होईल.’ म्हातारा म्हणजे माझे आजोबा.

पुढे बाई झाल्यावर दर २० डिसेंबरला, गाडगेबाबांच्या पुण्यतिथीला, शाळेत मी भाषण केलं. लोक त्यांना गोधडेबुवाही म्हणत, त्यांनी अंगावर चिंध्या पांघरल्या, हे सांगताना माझा आवाज भरून यायचा. संताची गोधडी चालत होती, आईची नाही.

त्या रंगकामानंतर घट बसायच्या आधी मी गावी गेले. आमच्याकडे दसऱ्याआधी घरातलं झाडून सगळं अंथरूण-पांघरूण धुतात. आई चौऱ्याऐंशी वर्षांची. ती ओढ्यावर येत नाही आता, पण कुठली वाकळ कुणी उचलायची ते उंबऱ्यावर बसून सांगते. भिजलेली वाकळ एकटीने पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, एकीने उजवीकडे, दुसरीने डावीकडे पीळ द्यायचा, आणि मधोमध तिचा जाड दोरखंड झाला की पाणी धारेने सुटतं. वहिनीने मला दोन वेळा ओढ्यात पाडलं. तिसऱ्या वाकळेला पीळ देताना ती टर्रकन फाटली.

मी कानकोंडी झाले, आई नाही. वाळल्यावर तिने ती मांडीवर घेतली, फाटल्या जागी बोट घालून उसवली. आत आणखी एक वाकळ. पार विरलेली, टाके तसेच. ‘ती दमली म्हणून आत घातली,’ आई म्हणाली, जणू दमलेल्या माणसाला आतल्या खोलीत झोपायला पाठवलं.

मग दुपारभर मी विचारत बसले, आयुष्यात पहिल्यांदा. लुगडं आधी विरतं ते बसायच्या जागी. तो भाग आत जातो. काठ दणकट, म्हणून ते वाकळेच्या कडेला. पदर वर, दिसायला बरा म्हणून. पाच बाय सात फुटांची वाकळ पाच थरांची करायची तर दोन नऊवारी लुगडी पुरतात, जेमतेम. थर जमिनीवर ताणून पसरायचे, चार कोपऱ्यांवर दगड, आधी लांबलांब कच्चे टाके. मग कडेने धावदोरा सुरू करून चौकोनात फिरत फिरत मधोमध यायचं. गाठ थरांच्या मध्ये लपवायची. दोरा फार ओढला तर चुण्या पडतात, सैल सोडला तर धुताना थर सरकतात. वाकळ वापरून संपली की नव्या वाकळेच्या पोटात, तिथून वासराच्या अंगावर, शेवटी चुलीला पोतेरं. त्यानंतर उकिरड्यावर पडलं तरी सुतीच, मातीत जातं.

दारात तुळस होती, पंधरा किलोच्या डालड्याच्या डब्यात. तळाला खिळ्याने पाडलेली पाच भोकं, बाहेरून गेरू. डबा गंजला की भंगारात जाईल आणि भंगारवाला तो हसत घेईल. त्या डब्याला डोळे नाहीत, नाक नाही. हे सगळं लहानपणापासून माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी मुलांना मिशा काढायला शिकवत होते.

पण म्हणून मी आता काटकसरीची कीर्तनं करणार नाही, कारण परत येऊन मी स्वतः वाकळ शिवायला घेतली आणि हिशेबही केला. ओळींत एक बोट अंतर धरलं तर पाच बाय सातच्या वाकळेला साधारण १७० मीटर टाके घालावे लागतात. इंचाला तीन टाके म्हटलं तरी वीस हजार. मी रोज तासभर बसते, दोन महिने झाले आणि अजून अर्ध्यात आहे. बाजारात त्याहून स्वस्त ब्लँकेट मिळतं, हे मान्य केलं पाहिजे. आई आणि काकू हे करायच्या कारण ब्लँकेटला पैसे नव्हते आणि दुपारी कुणी त्यांच्या वेळेचे पैसे मोजत नव्हतं. परवा एका प्रदर्शनात भिंतीवर टांगलेल्या गोधडीची किंमत वाचली आणि चिठ्ठी उलटी करून ठेवली. शिवणारीला त्यातले किती मिळाले असतील, हे विचारायचा धीर झाला नाही.

दुसरी अडचण कापडाची. माझ्या कपाटात अठ्ठावीस साड्या, त्यातल्या सुती चार. बाकीच्यांचं गाठोडं मी गावी नेलं होतं. आईने एकेक बोटांत चोळून बघितली, कचरावाल्या मावशींनी बाटली बघितली होती अगदी तशीच, आणि बाजूला ठेवली. ‘हे घाम पीत नाही. आत सरकत बसंल.’ चार साड्यांतल्या दोन अजून नेसायच्या आहेत. उरलेल्या दोन आणि आईचं एक लुगडं, एवढ्यावर माझी वाकळ चालली आहे.

शाळेतून मी निवृत्त झाले आहे. माझ्या जागी आलेल्या मुलीने मागच्या महिन्यात फोन केला, बाई, काड्या घाऊक कुठे मिळतात? मी दुकान सांगितलं. लगेच दुसरं काही सुचलं नाही, हे खरं आहे. संध्याकाळी परत फोन करून म्हटलं, मुलांना घरून एकेक तुटलेलं बटण आणि बटण नसलेला शर्ट आणायला सांगून बघ. ती म्हणाली, प्रदर्शनात काय मांडू?

दिवाळीत अर्धी वाकळ घेऊन आईकडे गेले. तिने चष्मा लावला नाही. डोळे मिटून तळहात वरून फिरवला, कडेपासून आत. एका जागी थांबली. ‘हितं तुझं लक्ष नव्हतं,’ म्हणाली आणि ब्लाउजला टोचलेली सुई काढून माझ्या हातात दिली, टोकाने टाके उचकटायला. चार ओळी उसवल्या. पाचवी मला बरी वाटत होती. आईचा हात अजून तिच्यावरच होता.