ओळखीचं दुकान

लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी आम्ही नवा लॅपटॉप घेतला, तिच्या अम्मीच्या भिशीतून. दुकानदार मोहल्ल्यातलाच. "चाचा, आपल्यात बिल कशाला?" म्हणाला आणि आम्हीही भिडेखातर हसलो. खोक्यावरच्या चिकटपट्टीखाली जुनी चिकटपट्टी दिसली, तेव्हाही गप्पच. लेकीने मात्र विंडोजमधून बॅटरीचा अहवाल काढला. नव्या बॅटरीच्या चार्जिंगच्या फेऱ्या मोजक्याच असतात, इथं 212! 48 वॅट-तासांची क्षमता 39 वर आलेली.

"अब्बा, हा कुणीतरी वापरलाय."

जुना माल नवा म्हणून विकणं, बिल न देणं, दोन्हींना 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा अनुचित व्यापार प्रथा म्हणतो. भिडेचं कलम त्यात नाही. लेक अहवालाची प्रत घेऊन दारात उभी. आम्ही अजून चपला शोधतोय.