लीच्या काठी

माशांशी माझा संबंध आजवर ताटापुरता होता. मासा पाण्यातून ताटात कसा येतो, याची चौकशी मी कधी केली नाही. आणि ती न करण्याची लाज वाटावी अशा घरात माझा जन्म झालेला आहे. आमचे मूळ घर सिंधुदुर्गात, कर्ली नदीच्या काठी. बाबांची पोस्टातली नोकरी मुंबईत. पण मे महिन्यात गावी गेलो की दुसऱ्या दिवशी पहाटे ते चिवारीची काठी खांद्यावर टाकून गरवायला निघत. ओसरीवर थांबून मला विचारत, "येतंस काय रे?" मी पुस्तकातले डोके वर न काढता "नाही" म्हणत असे. दोन-तीन उन्हाळे त्यांनी विचारले. मग विचारणे सोडून दिले.

हे सगळे आठवायचे कारण असे, की २०२३ च्या जून महिन्यात मी बाबांना घेऊन लंडनला धाकट्या भावाकडे गेलो होतो. बाबांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. २०२१ साली त्यांना अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला. पाय सावरला, वाचा सावरली. उजवा हात मात्र पुरता परत आला नाही. डॉक्टर म्हणत होते, "हात वापरात ठेवा." पण बाबांनी तो खिशात ठेवला. चारचौघांत जेवायला बसणे त्यांनी बंद केले, कारण घास तोंडाशी नेताना हात थरथरे. लंडनमध्येही ते दिवसभर खिडकीशी बसून मागच्या बागेकडे पाहत राहत.

त्या बागेच्या कुंपणापलीकडे एक इंग्रज म्हातारबाबा राहतात. सारा जन्म लंडनच्या बसगाड्या हाकण्यात गेला. आता निवृत्त आहेत. सोळा जून जवळ येऊ लागला तशी त्यांची धांदल सुरू झाली. इंग्लंडातल्या नद्यांवर पंधरा मार्च ते पंधरा जून गळ टाकायला बंदी असते. माशांच्या विणीचा तो काळ. सोळा तारखेला हंगाम उघडतो. आपल्याकडे नारळी पौर्णिमेची वाट पाहतात तशीच ही माणसे त्या दिवसाची वाट पाहतात. म्हातारबाबांनी तीन काठ्या बाहेर काढून हिरवळीवर मांडल्या. बाबा खिडकीतून उठले, दार उघडून सपाता घालून थेट कुंपणाशी गेले. गेल्या दोन वर्षांत ते आपणहून उठून असे कुठे गेले नव्हते.

या काठ्या बुचाच्या, म्हणजे फ्लोटच्या गळासाठी असतात. दोऱ्याला तरंगणारे बूच. त्याखाली शिशाऐवजी हल्ली दुसऱ्या धातूचे बारीक मणी, कारण शिशाचे मणी गिळून राजहंस मरू लागले तेव्हा १९८७ मध्ये त्यांच्या विक्रीवर बंदी आली. आणि शेवटी गळ. बूच प्रवाहाच्या गतीने वाहत गेले पाहिजे. दोरा पाण्यावर पडून फुगला की तो बुचाला ओढतो, आमिष वेडेवाकडे चालते आणि मासा शहाणा होतो. म्हणून दोरा पाण्याबाहेर उचलून धरायला काठी लांब लागते, अकरापासून तेरा फुटांपर्यंत. बरे, ती जमिनीवर टेकवून चालत नाही. तासन् तास हातात धरावी लागते. काठीची सारी परीक्षा या एका गोष्टीत आहे.

तीन काठ्या म्हणजे तीन पिढ्या होत्या. पहिली म्हातारबाबांच्या वडिलांची, अकरा फुटी, चिरलेल्या बांबूची. बांबूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून त्या अशा चिकटवतात, की आडवा छेद षटकोनी दिसावा. एकोणिसाव्या शतकात या कामासाठी विलायतेला बांबू जाई तो आपल्या देशातून. कलकत्त्याच्या बंदरातून येतो म्हणून त्याचे नावच 'कलकत्ता' पडले होते. पुढे विसाव्या शतकात चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या अधिक सरळ बांबूने त्याची जागा घेतली. दुसरी काठी बारा फुटी, पोकळ काचतंतूंची. दुसऱ्या महायुद्धानंतर या काठ्या आल्या आणि बांबू मागे पडला. तिसरी तेरा फुटी, कार्बनच्या तंतूंची. हे तंतू मजबूत करण्याची रीत १९६० नंतरच्या दशकात फार्नबरोच्या विमानसंशोधन केंद्रात निघाली, आणि विमानासाठी शोधलेली वस्तू दहा वर्षांच्या आत मासे धरणाऱ्यांच्या हाती आली! ती वीजवाहक असल्यामुळे तिच्यावर विजेच्या तारांखाली न उभारण्याची सूचना चिकटवलेली असते.

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी भावजयीच्या स्वयंपाकघरातला काटा आणून काठ्यांची वजने केली. बांबू तीनशे चाळीस ग्रॅम, काच तीनशे, कार्बन एकशे ऐंशी. "झाला निकाल," मी म्हणालो. "सर्वांत हलकी ती सर्वांत चांगली."

बाबा माझ्याकडे नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "काठी काट्यार बघूची नसता. हातानं बघूची असता."

म्हातारबाबांना मालवणी कळण्याचे कारण नव्हते, पण त्यांचेही तेच मत निघाले. रिकामी काठी हातात घेऊन दुकानात हलवणे म्हणजे फसगत, असे ते म्हणाले. आधी तिच्यावर आपले रीळ चढवा, कड्यांतून दोरा ओवा, नदीवर धरता तशी धरा आणि घड्याळ लावून दहा मिनिटे उभे राहा. पहिल्या मिनिटाला सगळ्याच काठ्या चांगल्या असतात.

याचे मर्म मला कळले ते आपल्याकडच्या कळशीवरून. भरलेली कळशी कमरेवर घेऊन बाई मैलभर चालत जाते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत हात खाली येईल. कळशी तीच, पाणी तेच. वजन किती आहे यापेक्षा ते हातापासून किती लांब आहे यावर त्याचा भार ठरतो. काठीचेही तसेच. तिचा तोल जिथे साधतो ती जागा बोटावर आडवी धरून पाहावी. ती मुठीच्या जितकी जवळ, तितकी काठी हाताला हलकी. ती पुढे सरकली की शेंडा पाण्याकडे ओढू लागतो आणि मनगट त्याच्याशी भांडत बसते.

बाबांनी प्रथम बांबू घेतला. नाकाशी नेऊन रोगणाचा वास घेतला, शेंडा हलवून पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. काठी जिवंत होती. हालचाल केली की लहर मुठीपर्यंत पोचत होती. पण चार मिनिटांत हात खाली आला. काचेची काठी त्याहून मजबूत, पावसापाण्याला न भिणारी. मात्र तिचा शेंडा शेपटासारखा झुलत राहतो. मासा लागला म्हणून झटका द्यावा, तर शेंडा क्षणभर उशिरा ऐकतो. तीही पाच मिनिटांत परत गेली. मग कार्बन. "हातात काय आसा असा वाटणाच नाय!" बाबा म्हणाले. मी विजयाने काट्याकडे पाहिले. सातव्या मिनिटाला बाबांची बोटे पांढरी पडू लागली. तेरा फुटांची लांबी शेंड्याला ओढत होती, आणि मूठ इतकी बारीक होती की अशक्त बोटांना ती जिवाच्या कराराने आवळून धरावी लागे. बाबांनी काठी हिरवळीवर ठेवली, हात खिशात घातला आणि ते आत निघून गेले.

त्या रात्री जेवताना कोणी फारसे बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ त्यांना जवळजवळ ओढूनच दुकानात घेऊन गेला. भिंतीवर काठ्यांचे रान उभे होते. एका खणात बुचे टांगली होती, त्यांत मोरपिसाच्या देठाची बुचे पाहून बाबा थांबले. गावी ते स्वतः मोरपिसाचा देठ कापून बूच करीत. विक्रेत्याने अर्थातच सर्वांत महाग आणि हलकी काठी पुढे केली. तिच्यावर रीळ बसवण्याची जागा एकाच ठिकाणी कायमची होती. बाबांनी ती नाकारली, आणि कोपऱ्यातली एक अकरा फुटी कार्बनची काठी मागून घेतली. वजनाने ती जरा जास्तच होती. पण तिची मूठ भरदार, हाताला ऊब देणाऱ्या बुचाच्या सालीची, हातभर लांब. आणि तिच्यावर रीळ धरायला दोन सरकती कडी होती.

त्या कड्यांतच सारी किल्ली होती. बाबांनी रीळ बसवायला सांगितले, बोटावर तोल पाहिला, मान हलवली. रीळ दोन इंच पुढे सरकवले. पुन्हा पाहिले. आणखी अर्धा इंच. रीळ पुढे गेले तसा हात पुढे गेला, तोलाच्या जागेच्या जवळ आला. आणि मुठीचा मागचा भाग लांब उरून कोपरापर्यंत दंडुक्यासारखा हाताखाली टेकला. आता शेंड्याची ओढ मनगटाला नव्हे, तर साऱ्या पुढच्या हाताला पेलायची होती. मी घड्याळ लावले. दहा मिनिटे झाली. बारा झाली. दुकानदार अस्वस्थ होऊ लागला. बाबा भिंतीकडे तोंड करून, दिसत नसलेल्या पाण्यावर नजर लावून उभे होते.

"हीच व्हयी," ते म्हणाले.

घरी आल्यावर भावजयीने आपल्या बॅडमिंटनच्या रॅकेटची कापडी पट्टी मुठीवर गुंडाळून ती आणखी जाड केली. परवाने काढले, इंग्लंडात नदीवर गळ टाकायचा तर सरकारी परवाना लागतो, आणि शिवाय त्या काठाचे हक्क ज्यांच्याकडे असतील त्यांची परवानगी.

सोळा तारखेला आम्ही टॉटनहॅम हेल स्थानकावर हर्टफर्डकडे जाणारी गाडी पकडली. इंग्रजी वाङ्मयाच्या वाचकाला ही वाट पावन वाटावी अशी आहे. आयझॅक वॉल्टनचा 'द कम्प्लीट अँग्लर' हा ग्रंथ १६५३ साली प्रसिद्ध झाला. त्यातले प्रवासी टॉटनहॅमच्या टेकडीवर भेटतात आणि ली नदीच्या खोऱ्याने वेअर गावाकडे चालू लागतात. इंग्लंडात यादवी माजली होती, राजाचा शिरच्छेद झाला होता. आणि हा साठीचा माणूस मासे धरण्याच्या शांत कलेवर लिहीत होता. महाविद्यालयात असताना मी ते पुस्तक वाचले होते. बाबांचे आमंत्रण नाकारून ज्या पुस्तकांत डोके घालीत होतो, त्यांतलेच ते एक असावे!

राय हाऊस स्थानकावर उतरून आम्ही काठ गाठला. ली ही काही मोठी नदी नव्हे. आपल्या कोकणातला वहाळ पावसात याहून गर्जत येतो. पण पाणी संथ, विलोंच्या सावल्या तोलून धरणारे. म्हातारबाबांनी घडीची खुर्ची मांडली. बाबांनी पाव मळून त्याची गोळी गळाला लावली. बोटे थरथरत होती, वेळ लागला, पण कोणी मदतीला गेले नाही. बूच पाण्यात पडले आणि प्रवाहाबरोबर निघाले. बाबा शेंडा हळूच उचलून दोरा मोकळा करीत, बूच सावलीपर्यंत जाऊ देत, परत आणीत. हात थरथरत असेलही. काठीच्या शेंड्याला मात्र त्याचा पत्ता नव्हता.

अकराच्या सुमाराला बूच एकदम गडप झाले. बाबांचे मनगट हलले, काठी वाकली, आणि जाळ्यात आला तो वीतभर रोच, रुपेरी अंगाचा, लालसर परांचा. आपल्या रोहूच्याच कुळातला. म्हातारबाबांनी टाळ्या वाजवल्या, गळ सोडवला आणि मासा अलगद पाण्यात सोडून दिला. तिकडची रीतच तशी आहे. बाबा थक्क झाले.

"सोडूचो तर धरूचो कित्याक?"

मी भाषांतर करून सांगितले. म्हातारबाबा पोट धरून हसले; उत्तर मात्र त्यांनी दिले नाही.

दुपारी बाबांनी तोच हात पुढे करून डब्यातली पोळीभाजी आमच्या सगळ्यांसमोर खाल्ली. घास एकदा सांडला. त्यांनी तो उचलून बदकांना टाकला आणि दुसरा घेतला.

मग एकदम काठी माझ्यापुढे आली. "धर जरा. हात दुखता." मी चाळिशी ओलांडलेला मनुष्य पोरासारखा गोंधळलो. बाबांनी आपल्या त्या थरथरत्या हाताने माझी बोटे एकेक करून मुठीवर लावली, कोपर खाली दाबले, काठीचा मागचा भाग हाताखाली नीट बसवला. काट्यावर वजन करून मला जे कळले नव्हते ते त्या क्षणी कळले. काठीचा भार कुठेच जाणवत नव्हता. ऊन पानांतून गळत होते, बूच सावलीत शिरत होते, आणि बाबांचा हात अजून माझ्या हातावर होता. तो मी पाहत राहिलो.

"गेलो!" बाबा ओरडले.

बूच बुडाले होते, वर आले होते, आणि मासा पाव खाऊन केव्हाच पसार झाला होता.

बाबांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली, नवी गोळी मळायला घेतली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू आपला पुस्तक वाच."