बंबाची निवड आणि निगा

बंब म्हणजे मधोमध आगीची नळी असलेले पाण्याचे उभे भांडे. नळीच्या तळाशी जाळी असते. जाळीवर सरपण जळते, राख खाली बैठकीत पडते आणि ज्वाळा व धूर नळीतून वर जातात. नळीच्या चहूबाजूंनी पाणी असते. चुलीवर ठेवलेल्या हंड्याच्या बुडाला लागून जाळ बाजूंनी निसटतो, म्हणून उघड्या चुलीत सरपणातली जेमतेम दहा-पंधरा टक्के उष्णता पाण्याला मिळते. बंबात जाळाला पाण्याच्या मधूनच वाट काढावी लागते आणि जाता जाता तो आपली बरीच उष्णता नळीच्या भिंतीला देऊन जातो. काश्मिरी समोवारही याच तत्त्वावर चालतो. नळी तापली की तिच्यातली हवा हलकी होऊन वर चढते आणि खालून जाळीतून ताजी हवा ओढली जाते, त्यामुळे पेटलेला बंब फुंकावा लागत नाही. निवड असो वा निगा, सगळ्याचा संबंध शेवटी या दोन गोष्टींशी येतो: हवेची ओढ मोकळी राहणे आणि नळीभोवती पाणी असणे.

बंब केवढा घ्यावा, हे घरातल्या माणसांवरून ठरते. तीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६५ अंशांपर्यंत तापवायला सुमारे पाच हजार किलोज्यूल, म्हणजे विजेच्या हिशेबाने साधारण १.४ युनिट उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत सुमारे पंधरा हजार किलोज्यूल असतात. बंबाने त्यातली निम्मी ते एकतृतीयांश उष्णता पाण्याला दिली, तर पाऊण ते एक किलो सरपणात काम होते. ६५ अंशांच्या या तीस लिटर पाण्यात विहिरीचे थंड पाणी मिसळले की आंघोळीजोगे सत्तर लिटर पाणी होते, म्हणजे चार माणसांच्या चार बादल्या. तेव्हा चौघांच्या घराला तीस लिटरचा बंब पुरतो. साठ लिटरचा बंब बाजारात दिसायला भारदस्त असला, तरी तेवढे पाणी रोज तापवावे लागते, कारण तो अर्धाच भरून पेटवणे योग्य नाही. प्रस्तुत लेखकाचे घर दापोली तालुक्यात आहे. तेथे एकत्र कुटुंब असतानाचा मोठा बंब आता फक्त लग्नकार्याला आणि दिवाळीला बाहेर निघतो, रोजच्या वापराला लहान बंब आहे. पाहुणे आले तर लहान बंब दुसऱ्यांदा भरावा. नळी आणि निखारे आधीच तापलेले असल्याने दुसरी खेप लवकर होते.

धातूबद्दल एक समज पक्का आहे: तांबे उष्णता लवकर वाहून नेते, म्हणून बंब तांब्याचाच हवा. तांब्याची उष्णतावाहकता स्टेनलेस स्टीलच्या पंचवीसपट आहे, हे खरे. मात्र बंबात उष्णतेला खरा अडथळा धातूचा नसतो. तो असतो नळीतल्या वायूपासून भिंतीपर्यंत उष्णता पोहोचण्याचा, आणि त्यावर काजळीचा. एक मिलिमीटर जाडीचा पत्रा कोणत्याही धातूचा असला तरी या अडथळ्यापुढे त्याचा स्वतःचा अडथळा नगण्य ठरतो. स्टीलचा बंब पाणी उशिरा तापवतो असे वाटले, तर नळीची रुंदी, उंची आणि जाळी तपासावी, दोष बहुधा तेथे सापडतो. तांब्याचे मोठेपण वेगळ्या कारणांनी आहे. ते लोखंडासारखे गंजून झिजत नाही, ठोकून हवा तसा आकार घेते, भोक पडले तर पुन्हा झाळता येते आणि मोडीतही त्याला चांगला भाव येतो. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे बंब स्वस्त मिळतात, पण आगीच्या बाजूचा मुलामा आधी जातो आणि मग पत्रा गंजत जातो. पैसे बेताचे असतील तर असल्या नव्या बंबापेक्षा तांब्याचा जुना बंब घेणे अधिक शहाणपणाचे.

तांब्याचा बंब वजनावर विकला जातो, म्हणून जाड पत्रा महाग पडतो. गेजचा आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, २२ गेज म्हणजे जेमतेम पाऊण. बाहेरची भिंत थोडी पातळ असली तरी चालते, नळी मात्र जाडच हवी, कारण आग, काजळी आणि घासणी हे सारे तिलाच सोसायचे असते. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून हातोडीने भांडी घडवली जातात. तिथल्या मठारकामाच्या चकाकत्या ठोक्यांना शोभेपलीकडे अर्थ आहे. तांबे ठोकले की कडक होते, त्यामुळे मठारलेल्या भिंतीला सहजी पोचा येत नाही.

विकत घेताना बंब पाण्याने भरून काही वेळ कोरड्या फरशीवर उभा करावा. तळाचा सांधा आणि तोटीचा सांधा, ओल दिसते ती याच दोन ठिकाणी. जुन्या बंबात नळीतून हात किंवा काठी घालून आतला पृष्ठभाग चाचपावा, खळगे लागले तर पत्रा खाल्ला गेला आहे असे समजावे. जाळी सुटी असावी, म्हणजे झिजल्यावर एकटी बदलता येते. तोटी बुडाच्या अगदी लगत नसावी. ती दोन-तीन बोटे वर असेल तर तोटीने सगळे पाणी काढले तरी तळाशी थोडे पाणी उरते आणि नळीचा सर्वांत तापणारा भाग उघडा पडत नाही. पाणी भरायच्या तोंडावरचे झाकण सैल हवे. ते घट्ट बसवणे किंवा बंब बंद नळजोडणीला जोडणे धोक्याचे आहे, कारण वाफेला वाट मिळाली नाही तर भांडे फुटते.

बंबाची जागा न्हाणीघराबाहेर हवी. हा नियम सर्वांत जास्त मोडला जातो. थंडीत ऊब मिळते म्हणून पेटता बंब बंद मोरीत ठेवला जातो. धूर संपून नुसते निखारे उरले की धोका टळला असे वाटते, पण कार्बन मोनॉक्साइड त्या निखाऱ्यांतूनच निघतो. त्याला ना रंग, ना वास. डोके जड होणे, मळमळणे, झोप येणे ही त्याची लक्षणे आंघोळीनंतरचा थकवा म्हणून सोडून दिली जातात आणि माणूस बंद दाराआड बेशुद्ध पडतो. कोकणातल्या जुन्या घरांत बंब मागील पडवीत, जांभ्याच्या चिऱ्यावर असे आणि पाणी बादलीने आत नेले जाई. ती दोन पावलांची दगदग सोसावी. बंबाच्या नळीचे तोंड वाशांपासून आणि झावळांच्या छपरापासून पुरेसे दूर असावे, कारण नारळाची सोडणे पेटताना ठिणग्या उडतात. घरात लहान मूल असेल तर तोटी भिंतीकडे वळवून ठेवावी आणि बादलीत आधी थंड पाणी घेऊन मग त्यात कढत पाणी सोडावे, उलट क्रमाने कधीही नाही.

सरपण लहान तुकड्यांचे आणि खणखणीत वाळलेले हवे. बंबाला ओंडके लागत नाहीत, ही त्याची मोठी सोय. करवंट्या, सोडणे, झावळांचे दांडे, पोफळीच्या विऱ्या, ऐन-किंजळाच्या काटक्या, सुताराकडच्या ढलप्या, असे बागेत आणि अंगणात पडणारे सारे त्यात खपते. देशावर तुरकाट्या, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या हेच काम करतात. करवंटी घट्ट आणि कमी राखेची असल्याने तिचा जाळ तेज असतो. दोन मुठी करवंट्या आणि वर काटक्या असल्या की दापोलीच्या घरी सकाळचे पाणी होते. सोडण मात्र बाहेरून वाळलेले दिसले तरी आत ओल धरून ठेवते. ओल्या सोडणाची बरीच उष्णता आतल्या ओलीची वाफ करण्यात जाते आणि अर्धवट जळलेला धूर थंड नळीला डांबरासारखा चिकटतो. तेव्हा पावसाळ्याचे सरपण वैशाखातच पडवीत, जमिनीपासून वर, फळ्यांवर रचून ठेवावे लागते.

त्या रचलेल्या सरपणाची किंमत २०२० च्या पावसाळ्याने दाखवली. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले आणि दापोली-मंडणगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही, गिझर भिंतीवर नुसते टांगलेले राहिले. चोहीकडे लाकूडच लाकूड पडले होते, पण ते हिरवे. त्या पावसात ते जळणे शक्य नव्हते. प्रस्तुत लेखकाच्या घरी आणि शेजारी पाणी तापले ते उन्हाळ्यात साठवलेल्या करवंट्यांवर. पडलेल्या पोफळी फोडून वर्षभर वाळवल्या, त्या पुढल्या हंगामात कामी आल्या.

काही वस्तू बंबात कधीच घालू नयेत. काजूच्या बियांच्या टरफलात दाहक तेल असते. ते झकास पेटते, पण त्याचा धूर डोळे, घसा आणि कातडी भाजून काढतो. रंग दिलेल्या फळ्या, प्लायवूडचे तुकडे आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या विषारी धूर करतात. बंब पेटवण्यासाठी रॉकेल ओतण्याचीही गरज नाही. जाळीवर करवंटीचे तुकडे विरळ ठेवावेत, त्यांवर बारीक काटक्या, अगदी वर पेटती झावळीची पाती, आणि खालचे राखेचे तोंड पूर्ण उघडे. ओढ धरली की सरपण थोडे थोडे वरून टाकत जावे. नळी एकदम ठासून भरली तर हवा अडते आणि धूर खालून घरात शिरतो.

निगेतला पहिला नियम: पाणी भरल्याशिवाय बंब पेटवू नये. पाणी असेपर्यंत नळीची भिंत शंभर अंशांच्या फार वर जात नाही. पाणी संपले की तीच भिंत मिनिटांत कित्येकशे अंशांवर पोहोचते. कथील २३२ अंशांना वितळते, त्यामुळे कथलाने झाळलेला सांधा लगेच सुटतो. पितळाने झाळलेला टिकतो, पण तापून लाल झालेल्या नळीवर कुणी घाईने थंड पाणी ओतले तर तिथेही चीर जाते. यावर साधी रीत म्हणजे शेवटची आंघोळ झाली की बंब पुन्हा भरून ठेवणे, म्हणजे सकाळी अंधारात पेटवणाऱ्याच्या हातून चूक होत नाही. रात्रभर तांब्यात राहिलेल्या पाण्याला कधी हिरवट-निळसर छटा येते. पहिले तांब्याभर पाणी झाडाला घालावे. बंबाचे पाणी पिण्याला किंवा स्वयंपाकाला वापरू नये, जुन्या झाळीत शिसे असू शकते. बंब आंघोळीच्याच पाण्यासाठी असल्याने आतून कल्हईची मात्र गरज नसते.

काजळी हा रोजचा शत्रू. तिचा पातळ थरही उष्णता अडवतो, आणि थर वाढला की नळी अरुंद होऊन ओढ कमी होते. पाणी तापायला वेळ लागू लागला, खालून धूर येऊ लागला, की सरपणाला दोष देण्याआधी नळी पाहावी. बांबूच्या काठीला काथ्याचा बोळा घट्ट बांधून आठवड्यातून एकदा, थंड बंबाच्या नळीत वरून खाली फिरवावा. लोखंडी खरवडणी टाळावी, तांब्यावर तिचे ओरखडे खोल जातात. राख रोज काढावी, पण झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच. वरून विझलेल्या राखेत दुसऱ्या दिवशीही निखारा सापडतो. निवलेली राख माडाच्या आळ्यात घालावी, तिच्यातला पोटॅश माडाला लागतोच.

पाण्याच्या बाजूला साठतात ते क्षार. जांभ्याच्या विहिरींचे पाणी बहुधा मऊ असते, म्हणून किनारपट्टीवर हा त्रास थोडा. देशावरच्या काळ्या पाषाणातल्या विहिरी आणि विंधनविहिरींचे पाणी जड, तिथे वर्षा-दोन वर्षांत नळीवर पांढरे खडबडीत कवच चढते. बंब तापताना आतून तडतड ऐकू येणे ही त्याची खूण. चिंचेचे किंवा आमसुलाचे आंबट पाणी आत भरून, कोमट करून रात्रभर ठेवावे, सकाळी ढवळून तोटी उघडावी आणि नंतर स्वच्छ पाण्याने दोनतीनदा धुवावे. आंबट अंश राहिला तर तांब्यावर हिरवट कळकाचे डाग उमटतात. बाहेरून चिंच आणि मीठ लावून घासण्याचेही तेच: घासणीइतकेच धुणे आणि कोरडे पुसणे महत्त्वाचे. समुद्राकाठी खाऱ्या हवेने चकाकी दोन दिवसांतच मावळते. ती रोज राखण्याचा खटाटोप नको, दिवाळीच्या आदल्या दिवशी एकदा लखलखीत केला म्हणजे पुरे. वरचा काळसर तपकिरी थर तांब्याला अपाय करत नाही.

तोटी गळू लागली की ती बदलून मिळते आणि काम तासाभराचे असते. तळाचा सांधा पाझरू लागला तर बंब कोरडा करून तांबटाकडे न्यावा आणि झाळ पितळाची घालायला सांगावी, कथलाची नव्हे. सिमेंट किंवा डिंकासारखी लांबी भरून गळती थांबवण्याचे उपाय उष्णतेत टिकत नाहीत, शिवाय पुढे झाळताना सांधा स्वच्छ होत नाही. बाहेरच्या भिंतीचे भोक ठिगळाने बुजते. नळी बारीक खळग्यांनी चाळणीसारखी झाली असेल तर ती नवी घालावी लागते, आणि तो खर्च नव्या बंबापेक्षा पुष्कळ कमी येतो. गॅस आणि गिझर आल्यावर असंख्य बंब माळ्यावर गेले आणि तिथून किलोच्या भावाने मोडीत. ज्या घराला बाग नाही आणि सरपण विकत आणावे लागते, तिथे बंब ठेवण्यात व्यवहार नाही. पण माड-पोफळी किंवा शेत असलेल्या घरी माळ्यावर जुना बंब असेल, तर मोडीवाल्याला बोलावण्याआधी तो पाण्याने भरून एक रात्र ठेवून पाहावा आणि गळाला तरी एकदा तांबटाला दाखवावा.