आजीचा आवाज किती मोठा करायचा?

गेल्या श्रावणात एक उद्योग अंगावर घेतला. खरं तर आतेबहिणीने तो गळ्यात मारला. "आईला आता कानाला मशीन लागलंय, दिवसभर नुसती बसून असते. तुझ्याकडे ती मंगळागौरीची कॅसेट आहे ना, ती कर की कॉम्प्युटरवर!"

आहे खरी. १९८३ साली धाकट्या काकूची पहिली मंगळागौर नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यात झाली. त्या रात्रीचं जागरण बाबांनी नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर भरून ठेवलं होतं. वाडा पडला, बाबा गेले, कॅसेट मात्र बिस्किटांच्या डब्यात सुखरूप राहिली.

बाबांचं हे रेकॉर्डिंग म्हणजे एक सोहळाच असे. त्यांच्या डेकवर दोन सुया होत्या. माइक बाहेरच्या खोलीत खिडकीच्या गजाला बांधला, घरातला सगळ्यात दणदणीत आवाज म्हणून मोठ्या काकूला गायला लावलं, सुई लाल रेघेला टेकेल न टेकेल असं बटण फिरवलं आणि नंतर रात्रभर त्याला कोणालाही हात लावू दिला नाही. मी तेव्हा दहा वर्षांचा. बटणाजवळ गेलो म्हणून खाल्लेली चापट अजून आठवते. (ती कॅसेटवर आहे की काय म्हणून शोधली. नाही.)

तर कॅसेट 'ऑडॅसिटी'त उतरवून घेतली. हे सॉफ्टवेअर २००० सालापासून फुकट मिळतं आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला पुरून उरतं. नव्वद मिनिटांचे अकरा तुकडे केले, प्रत्येक गाण्याला वेगळा ट्रॅक दिला. झिम्म्याच्या लाटा पडद्यावर नुसत्या उसळत होत्या. शेवटचा तुकडा आजीच्या ओव्यांचा, तो म्हणजे जेमतेम एक सुरवंट. सगळं निवडलं, 'नॉर्मलाइझ' दाबलं, आणि अकराच्या अकरा ट्रॅक एका उंचीचे झाले. मनात म्हटलं, शाब्बास.

रविवारी कोथरूडला आत्याकडे गेलो. झिम्मा, फुगडी, उखाणे झाले. आत्या हसत होती, कोणाचा आवाज कुठला ते सांगत होती. मग आजीच्या ओव्या लागल्या. आत्याने हात वर केला.

"ही आई नाही."

"अगं, आजीच आहे की. तूच नाही का मागे म्हणालीस, शेवटी तिला ओव्या म्हणायला लावल्या म्हणून?"

"आवाज तिचाच आहे रे. पण ती एवढ्या जवळ कुठे बसली होती?"

मग कळलं. आजी त्या रात्री बाहेरच्या खोलीत आलीच नव्हती. आजोबा जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. मंगळागौर सवाष्णींची. आजी स्वयंपाकघराच्या उंबरठ्याशी बसली आणि तिथूनच ओव्या म्हणाली. "कोणी सांगितलं होतं तिला तिथे बसायला?" मी विचारलं. आत्या म्हणाली, "कोणी नाही. पण ये असंही कोणी म्हणालं नाही. मीसुद्धा नाही."

घरी येऊन आधी सॉफ्टवेअरची माहिती वाचली. (हे आधी करायचं असतं!) नॉर्मलाइझ प्रत्येक ट्रॅककडे वेगळं बघतं. त्यातलं सर्वात उंच टोक शोधतं आणि ते ठरलेल्या पातळीला येईल इतका अख्खा ट्रॅक वर उचलतं. झिम्म्यात टाळ्यांची टोकं आधीच वर, म्हणून तो ट्रॅक एखाददोन डेसिबलच उचलला गेला. आजीच्या ट्रॅकमध्ये टाळ्या नाहीत, तो उचलला गेला चौदा डेसिबल! सोबत टेपची खरखर आणि मोरीतलं पाणीही वर आलं. म्हणजे माझ्या प्रतीत आजी नुसती जवळच आली नव्हती, झिम्मा खेळणाऱ्या दहाजणींपेक्षा ठसठशीत ऐकू येत होती. टोकं सारखी झाली म्हणजे कानाला आवाज सारखा लागतो असं नाही, ही गोष्ट तेव्हा डोक्यात शिरली. टीव्हीवर मालिकेपेक्षा जाहिराती अंगावर येतात, त्यामागेही हेच. म्हणून तर २०१० साली युरोपातल्या प्रसारकांनी टोकं न मोजता कानाला जाणवणारा मोठेपणा मोजायचा नियम केला.

मला हवं होतं ते बटण शेजारीच होतं, 'अ‍ॅम्प्लिफाय'. सगळे ट्रॅक एकदम निवडून ते वापरलं की सगळ्यांना सारखीच वाढ मिळते, आपापसातला फरक तसाच राहतो. बाबांनी बटण एकदाच लावून ठेवलं होतं, म्हणजे त्या कॅसेटवर कोण कुठे बसलं होतं याचा नकाशाच उतरला होता. मी तो पुसून टाकला होता.

त्याच आठवड्यात 'पारी'च्या संकेतस्थळावर जात्यावरच्या ओव्या ऐकत बसलो. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी पुण्यात राहून, खेडोपाडी हिंडून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. पुढे १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि कितीतरी तासांचं ध्वनिमुद्रण झालं. २०१७पासून त्या ओव्या सगळ्यांना ऐकायला मिळतात. ऐकताना सारखं एकच मनात येत होतं, इथे माइक बायकांच्या दारात गेला होता. आमच्याकडे तो खिडकीच्या गजाला बांधलेला होता आणि घर लहान असूनही उंबरठ्यापर्यंत पोचला नव्हता. वायर पुरली असती.

पुढच्या रविवारी नवी प्रत घेऊन गेलो, लॅपटॉपसकट. आजीच्या ओव्या लावल्या. आत्या डोळे मिटून बसली.

"हं. आता बरोबर आहे." थोड्या वेळाने म्हणाली, "पण मला काही ऐकू येत नाही रे."

"मोठा करू?"

"कर. पण मागच्यासारखा नको."

तीन डेसिबल वाढवले. "अजून." सहा केले. आजीचा आवाज खरखरीतून वर आला. मागे कोणीतरी भांड्यावर झाकण ठेवलं.

"बास. इथे राहू दे तिला."

आवाजाचं गणित असं आहे की मोकळ्या जागेत अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. बंद खोलीत ते तंतोतंत लागू होत नाही, तरी मनातल्या मनात वाड्यातलं अंतर मोजलं. उंबरठा ते खिडकी, त्याचं निम्मं, म्हणजे साधारण जिथे चौरंग मांडला होता तिथे.

आत्याला हे सांगितलं नाही. ती तिसऱ्यांदा लाव म्हणत होती.