आखूड हातांचे मुष्टियोद्धे

२३ जुलै १९५२. हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत कांस्यपदक मिळवतात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. चण लहान, पण ढाक हा त्यांचा हुकमी डाव, आणि तो प्रतिस्पर्ध्याच्या अंगाला भिडल्याशिवाय बसत नाही. कुस्तीत बुटक्या मल्लाचे फारसे अडत नाही, कारण तिथे दोघांनाही जवळ यावेच लागते.

मुष्टियुद्धात तसे नसते. तिथे लांब हाताचा माणूस दुरूनच डाव्या हाताने टोचत राहतो आणि आखूड हाताच्या माणसाला आपल्यापर्यंत पोहोचूच देत नाही. दोन्ही हात आडवे पसरून बोटांच्या टोकांमधले अंतर मोजले की हाताचा पल्ला कळतो. भुईगाव-अर्नाळ्यापासून खाली कोकणकिनाऱ्यावर दोर आणि पाण्याची खोली ज्या ‘वावा’त मोजत आले, तेच हे माप. वजनाप्रमाणे गट पाडून खेळाने दुबळ्याला संरक्षण दिले; वावेचे गट मात्र कोणी पाडले नाहीत.

खाशाबांच्या पदकानंतर बरोबर दोन महिन्यांनी, २३ सप्टेंबरला, फिलाडेल्फियात रॉकी मार्सियानो जर्सी जो वॉलकॉटसमोर उभा राहिला. ब्रॉकटनमधल्या बुटांच्या कारखान्यात राबणाऱ्या इटालियन स्थलांतरिताचा हा मुलगा. बेसबॉलमध्ये त्याला नाकारले गेले होते. त्याचा पल्ला होता ६७-६८ इंच. हेवीवेट विजेत्यांत इतका आखूड क्वचितच आढळतो. वॉलकॉटचा पल्ला ७४ इंच.

प्रशिक्षक चार्ली गोल्डमन स्वतः बुटका, जुना बँटमवेट. त्याने मार्सियानोला सरळ उभे राहायला शिकवलेच नाही. गुडघे वाकवायचे, डोके समोरच्याच्या छातीखाली न्यायचे आणि तिथून ठोसे वर सोडायचे. यामागचा हिशेब साधा आहे. लांब हाताला सुटायला जागा लागते. ती जागाच उरली नाही, तर तोच हात अडगळ होतो. आखूड हात मात्र तेवढ्या अंतरात पूर्ण ताकदीने वळतो.

त्या रात्री पहिल्याच फेरीत वॉलकॉटने त्याला खाली पाडले. मार्सियानो व्यावसायिक लढतीत प्रथमच जमिनीला टेकला होता. बारा फेऱ्यांनंतर तिन्ही गुणलेखकांच्या कागदावर तो मागे होता. तेराव्या फेरीत त्याचा उजवा ठोसा सुटला. जेमतेम काही इंचांचा प्रवास, आणि वॉलकॉट दोरांना टेकत खाली सरकला. १९५६ साली मार्सियानो निवृत्त झाला तेव्हा ४९ लढती, ४९ विजय, त्यांतले ४३ नॉकआउट, अशी त्याची नोंद होती.

जो फ्रेझरची गोष्ट आणखी विलक्षण. लहानपणी शेतावर डुकराने पाठलाग केला, त्यात पडून त्याचा डावा हात मोडला, आणि तो पुन्हा कधी पुरता सरळ झालाच नाही. आधीच पल्ला कमी, त्यात हात वाकडा! पण तो वाक जणू हुकसाठीच घडवलेला होता. ८ मार्च १९७१ रोजी न्यूयॉर्कमध्ये, पंधराव्या फेरीत, त्याच डाव्या हुकने त्याने पाच इंच जास्त पल्ल्याच्या मुहम्मद अलीला पाडले आणि सर्वानुमते लढत जिंकली.

या पद्धतीची किंमतही आहे, आणि कौतुकाच्या भरात ती बहुधा सांगितली जात नाही. आत शिरायचे म्हणजे वाटेतला मार सोसायचा. १९५४ मध्ये एझार्ड चार्ल्सशी झालेल्या दुसऱ्या लढतीत मार्सियानोची नाकपुडी फाटली. रक्त थांबेना, तेव्हा लढत पंच थांबवतील या भीतीने त्याने आठव्या फेरीतच निकाल लावला. फ्रेझरला तर १९७३ च्या जानेवारीत किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमन भेटला. फोरमनचे हात लांब होतेच, शिवाय पुढे येणाऱ्याला दोन्ही हातांनी ढकलून हव्या त्या अंतरावर ठेवण्याची त्याची ताकद अफाट होती. दोन फेऱ्यांत फ्रेझर सहा वेळा पडला.

माइक टायसनचा पल्ला ७१ इंच. दोन्ही मुठी गालांशी आणि डोके सतत हलते, ही कस डि’अमाटोची शिकवण घेऊन तो १९८६ मध्ये, विसाव्या वर्षी, सर्वांत तरुण हेवीवेट विजेता झाला. डि’अमाटो मात्र आदल्याच वर्षी गेला होता. पुढे टायसनचे डोके हलेनासे झाले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी टोकियोत बस्टर डग्लसने आपला लांब डावा हात त्याच्या तोंडासमोरून फारसा हलू दिला नाही. दहाव्या फेरीत टायसन जमिनीवर रांगत आपला दातरक्षक चाचपडत होता.