तुम्ही मूळच्या कुठल्या?

आपल्याकडे बायकांची ओळख होण्याची एक ठरलेली रीत आहे. लग्नाच्या मांडवात, आगगाडीच्या डब्यात किंवा दवाखान्याच्या बाकावर दोन अनोळखी बायका शेजारी बसल्या, की पाचव्या मिनिटाला एकीने दुसरीला विचारलेच म्हणून समजावे, "तुम्ही मूळच्या कुठल्या?" पुरुषाला हा प्रश्न केला तर तो एका गावाचे नाव सांगून मोकळा होतो. बाई मात्र दोन गावे सांगते. "माहेर वाईचं, सासर मिरजेचं," असे ती म्हणते आणि त्यात आपण काही अवघड बोललो असे तिला वाटत नाही. ऐकणारीलाही वाटत नाही. एका माणसाने दोन गावांचे असावे, ही गोष्ट आपल्या समाजाने बायकांपुरती केव्हाच मान्य करून टाकली आहे.

देशांच्या बाबतीत मात्र आपला कायदा इतका सैल नाही. राज्यघटनेचे नववे कलम आणि १९५५ चा नागरिकत्वाचा कायदा यांचे म्हणणे स्पष्ट आहे. जो भारतीय आपखुशीने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेईल, तो त्या क्षणापासून भारताचा नागरिक उरत नाही. त्यासाठी राजीनामा द्यावा लागत नाही की कुणापुढे सुनावणी होत नाही. झाडावरून फळ गळावे तसे ते आपोआप होते. जर्मनीसारख्या देशाने २०२४ साली दोन-दोन नागरिकत्वे बाळगायला मोकळीक दिली. आपल्याकडे ती नाही.

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या बाईला या कलमांशी एरवी काय करायचे? पण घरात प्रश्न उभा राहिला, की माणूस ज्ञानेश्वरी बाजूला ठेवून कायद्याची कलमे वाचू लागतो. आमच्या घरात तो उभा केला धाकट्या बहिणीने.

धाकटी बारा वर्षांपूर्वी लग्न होऊन न्यू जर्सीला गेली. दोन्ही मुले तिथेच जन्मली, म्हणून जन्माने अमेरिकन. मेहुणे चार वर्षांपूर्वी तिथले नागरिक झाले. धाकटीजवळ मात्र ग्रीन कार्ड आणि आपला भारतीय पासपोर्ट. नागरिकत्वाचा अर्ज करण्याइतकी वर्षे तिची केव्हाच भरली होती; पण दर वर्षी "पुढच्या वर्षी बघू" म्हणत ती अर्ज पुढे ढकलत होती. आणि गेल्या वर्षी मेहुण्यांच्या कंपनीने त्यांची तीन वर्षांसाठी जर्मनीला बदली केली.

आता ग्रीन कार्ड म्हणजे तिथे कायम राहण्याची परवानगी. पण ती राहण्याची परवानगी आहे, राहिले नाही तर ती सुकते. सलग वर्षभराहून अधिक काळ बाहेर काढायचा तर निघण्यापूर्वी परतीचा परवाना मागावा लागतो, आणि तो फार तर दोन वर्षांचा मिळतो. बदली तीन वर्षांची! शिवाय नागरिकत्वासाठी सलग वास्तव्याची जी वर्षे मोजतात, त्यांचा धागा वर्षभराच्या गैरहजेरीने तुटतो. म्हणजे आता नाही, तर पुन्हा पहिल्यापासून. नागरिक होऊन जर्मनीला जायचे, की भारतीय म्हणूनच जायचे? "ताई, तू काय करशील?" असे तिने एका रात्री फोनवर विचारले, आणि तिच्या रात्रीची आमची पहाट झाली.

आमचे हे बँकेत आहेत. कुठलाही प्रश्न दोन रकान्यांत मांडला की सुटतो, अशी त्यांची श्रद्धा आहे. त्यांनी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला 'मिळेल', दुसऱ्या बाजूला 'जाईल'. मिळेलच्या खाली भराभर नोंदी झाल्या. कितीही वर्षे बाहेर राहून परत जाता येईल. मुलांच्या आणि आईच्या रांगा विमानतळावर वेगळ्या होणार नाहीत. तिथे मत देता येईल. कराचे ओझे मात्र दोन्हीकडे सारखेच निघाले. अमेरिकेचा नागरिक जगात कुठेही राहो, त्याने आपल्या उत्पन्नाचा हिशेब तिथल्या सरकारला दिलाच पाहिजे. आणि ग्रीन कार्डवाल्यालाही तो चुकत नाही.

'जाईल'च्या रकान्यात पहिली नोंद बाबांनी करायला लावली. वाईजवळ त्यांची दीड एकर जमीन आहे. "परकी झाली की तिचा जमिनीवरचा हक्क गेला," असे ते म्हणाले. ह्यांनी नियम काढून पाहिला, तर गंमतच निघाली. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला आणि मूळ भारतीय असलेल्या, ओसीआय कार्ड घेतलेल्या परदेशी नागरिकाला या बाबतीत एकच नियम लागू आहे. दोघांनाही इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, बापाने जिवंतपणी बक्षीस म्हणून दिलेलीही घेता येत नाही. वारसाहक्काने मात्र दोघांनाही मिळते. म्हणजे बहिणीची जमीन नागरिकत्वामुळे जाणार नव्हती आणि पासपोर्ट जपल्यामुळे वाढणारही नव्हती. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि ती नोंद खोडायला सांगितली.

दुसरी नोंद मताची. परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार म्हणून नाव नोंदवता येते. तशी सोय कायद्यात २०१० साली झाली. पण मत द्यायचे तर स्वतः येऊन आपल्या केंद्रावर उभे राहावे लागते. धाकटीने बारा वर्षांत एकदाही मत दिलेले नाही. न वापरलेला हक्क गेला तर काय गेले, असे हे म्हणाले. मला ते पटले नाही. आजीची नथ आई वर्षानुवर्षे पेटीत ठेवते. घालत नाही म्हणून ती नसली तरी चालेल असे तिला कधी वाटलेले नाही.

मग ओसीआय कार्डाचा विचार झाला. हे कार्ड २००५ च्या दुरुस्तीने आले. त्यावर जन्मभर हवे तेव्हा येता येते, हवे तितके राहता येते. अजिंठ्याच्या तिकिटालासुद्धा भारतीयांचाच दर लागतो. नावात 'नागरिक' असा शब्द आहे, पण मत नाही, सरकारी नोकरी नाही. मराठीच्या बाईला ही विसंगती खुपली. पण आपण पाहुण्यालाही 'घरचेच समजा' म्हणतोच की! तो घरचा असतो का, हे अडचणीच्या दिवशी कळते. २०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाच्या साथीमुळे सरकारने व्हिसे स्थगित केले, तेव्हा ओसीआय कार्डावरचा प्रवेशही थांबवला. विमानेच बंद झाल्यामुळे भारतीय नागरिकही परदेशांत अडकले होते. पण मे महिन्यात खास विमाने सुरू झाली ती आधी त्यांच्यासाठी. कार्डवाल्यांपैकी काहींना, घरात आजारपण किंवा मृत्यू अशी निकड असेल त्यांना, परवानगी मिळायला मे महिन्याची अखेर उजाडली. म्हणजे कार्ड ही सवलत आहे आणि पासपोर्ट हा हक्क आहे. सत्तरी ओलांडलेले आईबाप इथे असताना ही नोंद हलकी नव्हती. ह्यांनी तिच्याखाली दोन रेघा मारल्या.

पण धाकटीची खरी अडचण कॅलेंडरच्या पाठीवर मावणारी नव्हती. एका रविवारी तिने ती सांगितली. "ताई, तिथे उजवा हात वर करून शपथ घ्यावी लागते. आधीच्या देशावरची निष्ठा पूर्णपणे सोडली असं मोठ्यानं म्हणायचं. मी खोटं बोलू का?"

बाबा शेजारीच बसले होते. आमचे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत येरवड्याला होते. बाबा आवाज न चढवता म्हणाले, "माझा बाप राणीच्या नाहीतर राजाच्या राज्यात प्रजा म्हणून जन्मला आणि नागरिक म्हणून मेला. मधलं अंतर त्यानं तुरुंगातून पार केलं. तू ते सही करून परत देणार का?" धाकटीने फोन ठेवला. पुढे आठ दिवस तिचा फोन नव्हता.

बाबांचे शब्द खोटे नव्हते. १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, तेव्हा नागरिकत्वाचा प्रश्नच त्यांच्यापुढे नव्हता. त्या विलायतेच्या राणीची प्रजा होत्या. माहेरची यमुना लग्नात आनंदी झाली होती, तीही कुणी तिला विचारून नव्हे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला डॉक्टर होऊन त्या परतल्या आणि १८८७ मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सी गावी, त्यांना लेकीसारखे सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. कुठली म्हणावी ही बाई? कल्याणची, पुण्याची की पोकीप्सीची?

आठ दिवसांनी आईने स्वतः फोन लावला. आई फार बोलणारी नाही. ती म्हणाली, "माझं लग्न झालं तेव्हा माझ्या वडिलांच्या रेशनकार्डावरून माझं नाव कमी केलं. तसा दाखला मिळायचा. तो दाखला दाखवल्याशिवाय सासरच्या कार्डावर नाव चढत नसे. एकाच माणसाची साखर दोन घरांत कशी देतील? माझे वडील तो दाखला आणायला दोन खेपा घालून आले आणि दुसऱ्या खेपेला ऑफिसच्या पायरीवर बसून रडले, असं मला भावानं मागाहून सांगितलं. पण मी दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा आईनं मला तेल लावण्याआधी कार्ड विचारलं नाही."

तिकडे धाकटी गप्प होती. इकडे बाबाही. कायद्यातही नेमके तेच आहे. परदेशी नागरिकत्व घेतल्यावर आपला पासपोर्ट वकिलातीकडे परत करावा लागतो, आणि त्याचा दाखला मिळतो. नाव कमी केल्याचा दाखला!

आईचे म्हणणे मला पुरते मात्र पटले नाही. देश म्हणजे आई खरी, पण दारावर सरकार असते आणि सरकार कार्ड विचारते. आपले विचारते तसे परकेही. कला बगाई या बाईंची हकीकत मला त्याच दिवसांत वाचायला मिळाली. पेशावरचे वैष्णोदास बगाई १९१५ साली बायको आणि तीन मुले घेऊन सॅनफ्रान्सिस्कोला गेले आणि १९२१ मध्ये अमेरिकन नागरिक झाले. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात निकाल दिला, की हिंदी माणूस गोरा नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. दिलेले नागरिकत्व काढून घेतले गेले. इंग्रजांचे राज्य नको म्हणून घर सोडलेल्या माणसाला मायदेशी जायचे तर इंग्रजांचाच पासपोर्ट घे, असे सांगण्यात आले. १९२८ मध्ये बगाईंनी आत्महत्या केली. कलाबाईंनी तिन्ही मुले वाढवली. १९४६ साली कायदा बदलला आणि हिंदी लोकांना नागरिकत्वाची वाट खुली झाली, तेव्हा त्या नागरिक झाल्या. बर्कले शहरातल्या एका रस्त्याला आज त्यांचे नाव आहे.

मी ही हकीकत धाकटीला सांगितली. तिला भीती घालण्याचा हेतू नव्हता. कुठलाच कागद देवासारखा नसतो, एवढेच मला म्हणायचे होते. त्याच देशात १९०७ साली असाही कायदा झाला होता, की अमेरिकन बाईने परदेशी माणसाशी लग्न केले तर तिचे नागरिकत्व जाई. नवरा ज्या देशाचा त्या देशाची बायको! तो कायदा १९२२ पासून टप्प्याटप्प्याने मोडीत निघाला. शंभर वर्षांपूर्वी धाकटीला हा प्रश्न कुणी विचारलाच नसता. आनंदीबाईंना नावाबद्दल विचारले नाही, आईला रेशनकार्डाबद्दल विचारले नाही, तसेच तिचेही परस्पर ठरले असते. आमच्या घराण्यात 'तुला कुठली व्हायचं आहे?' असा प्रश्न विचारली गेलेली ती पहिलीच बाई. प्रश्न जड होता, पण तो तिचा होता.

तिने अर्ज भरला. कारण विचारले तेव्हा तिने जमीन, कर, रांगा यांपैकी काहीच सांगितले नाही. ती म्हणाली, "न्यू जर्सीला आले ती ह्यांच्या नावावर. जर्मनीला जाणार तीही ह्यांच्याच नावावर, नोकरी करणाऱ्याची बायको म्हणून. उद्या काही झालं, ह्यांची नोकरी गेली, किंवा आमचंच पटेनासं झालं, तर मुलांच्या देशात मला कुणाचं बोट धरून परत यायचं नाही. एक दार तरी माझ्या नावावर असू दे." मेहुणे शेजारीच होते. त्यांनी मान हलवली, आणि मला ते पूर्वीपेक्षा अधिक आवडू लागले.

शपथेचे काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "शपथ खरी घेईन. त्यांचे कायदे पाळीन, मत देईन, वेळ पडली तर त्यांच्या बाजूनं उभी राहीन. माहेरची ओढ सोड असं त्यात कुठंही लिहिलेलं नाही, मी दोनदा वाचलं." बाबांनी ते ऐकले. ते काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून आणला, आणि वारसांची नावे लिहिताना कागदावर दोन्ही मुलींची नावे स्वतःच्या अक्षरात लिहिली.