पद्मिनीचा पार्ट मिळेल का, बॉस?

तुमच्याही सोसायटीत ती असेल. कंपाउंडच्या भिंतीला चिकटून, फाटक्या कव्हरखाली, टायर बसलेले, बॉनेटवर मांजरांचा कायमचा मुक्काम. सेक्रेटरीच्या दृष्टीने ती अडगळ, पोरांच्या दृष्टीने क्रिकेटचा स्टंप. मालकाला काय वाटतं, ते तो कुणाला सांगत नाही.

आमच्या मुलुंडच्या सोसायटीतली ती आमची होती. 1985 ची प्रीमियर पद्मिनी, क्रीम रंगाची, गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी. चार वर्षं उभीच. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि नोटीस लागली. महिनाअखेर माणसं, सामान आणि गाड्या, सगळं बाहेर! भंगारवाला दोनदा येऊन गेला. बाबांनी त्याला चहा पाजला, भाव मात्र विचारला नाही. बोरिवलीला आत्याच्या अंगणात जागा होती, पण तिथे न्यायला बाबांची एक अट होती. गाडी स्वतःच्या चाकांवर पोचली तर राहील. टो करायची वेळ आली, तर सरळ भंगारात. "बंद गाडी दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करायची नाही," एवढंच म्हणाले.

हातात चार वीकेंड. टेन्शन? सॉलिड!

आधी निदान, मग शॉपिंग

भांडुपचे एक मिस्त्री. उभं आयुष्य टॅक्सी दुरुस्त करण्यात गेलं, गॅरेज केव्हाच बंद केलंय, पण पद्मिनी म्हटल्यावर रविवारी सकाळी पिशवी घेऊन हजर. मी चावी फिरवायला गेले, तर हात धरला. "ताई, चालू होणं नंतर. थांबणं आधी."

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की चाकाजवळच्या सिलिंडरमधले रबरी कप कडक होतात, पिस्टन जाम होतात. म्हणून पहिलं काम ब्रेकचं. मग इंजिन. 1089 सीसीचं साधं, चार सिलिंडरचं इंजिन. सेन्सर नाही, कॉम्प्युटर नाही. त्याला विचारायचे प्रश्न दोनच: ठिणगी येते का? पेट्रोल येतं का?

प्लग काढा, वायरला जोडून इंजिनच्या लोखंडाला टेकवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. मात्र आसपास पेट्रोल सांडलेलं नको. निळी, चटचटणारी ठिणगी म्हणजे ठीक. पिवळी, मरतुकडी असेल तर डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट आणि कंडेन्सर बघा. मग कार्बोरेटरला जाणारा पाइप काढून, त्याचं तोंड बाटलीत धरून पुन्हा स्टार्टर. पिचकारी उडाली तर पंप ठीक. आमच्या गाडीत ठिणगी पिवळी आणि पेट्रोल शून्य. पंपाच्या आतला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, पापडासारखा झाला होता. वर गिअरच्या रॉडचा बुश झिजलेला. दांडा हातात लुळा पडायचा, दुसरा टाकावा तर कुठेच पडायचा नाही.

म्हणजे यादी तयार: पॉइंट, कंडेन्सर, प्लग, ब्रेकचे कप, पंपाचा डायफ्राम, गिअरचा बुश. वाचायला अर्धा मिनिट. मिळवायला? चला, एलबीएस रोडला!

जिथे जन्मली, त्याच रस्त्यावर

मुलुंडहून भांडुप, विक्रोळी, घाटकोपर करत कुर्ल्याला जाणारा लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. ट्रॅफिकला शिव्या घालत आपण रोज तो पार करतो. पण पद्मिनीचं माहेर याच रस्त्यालगत आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि 1947 मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या निघायला लागल्या, सुरुवातीला अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या. फियाटशी नातं त्यानंतरचं. 1964 ची फियाट अकराशे डिलाइट 1972 मध्ये प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 मध्ये चितोडच्या राणीवरून पद्मिनी. 2001 च्या आसपास उत्पादन थांबलं. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटीसारखी उंच वसाहत आहे. जिथे गाड्या जोडल्या जायच्या, तिथे आता पार्किंगवरून भांडणं होत असतील!

तीन नावं, पण मुळात गाडी एकच. हा फंडा पार्ट शोधताना फार कामाचा. दुकानात नुसतं 'पद्मिनी' म्हणू नका. डिलाइट आणि प्रेसिडेंटचाही माल विचारा. बरंच काही एकमेकांना बसतं.

कुर्ला पश्चिमेचा सीएसटी रोड आणि कापडिया नगरचा परिसर म्हणजे सुट्या भागांचा समुद्र. एका दुकानात फक्त दरवाजे, शेजारी फक्त हेडलाइट, पुढे गिअरबॉक्सचे डोंगर. स्विफ्ट, सँट्रो, इनोव्हा म्हणाल ते. पद्मिनी म्हटलं की लोक आधी हसतात, मग माझ्या मागे बघतात. "साब किधर है?" साब नाही, मीच आहे म्हटल्यावर चौथ्या दुकानातल्या चाचांनी चष्मा वर केला.

"गिअर ऊपर का, के नीचे का?"

"ऊपर का."

"तो ठीक है. बैठो."

हा परीक्षेचा प्रश्न होता. शेवटच्या काळातल्या एस-वन मॉडेलमध्ये गिअर स्टिअरिंगवरून खाली, दोन सीटच्या मध्ये आला, त्यामुळे तिकडचे पार्ट वेगळे. उत्तर माहीत असेल तर तुम्ही गिऱ्हाईक, नाहीतर टाइमपास.

चाचांनी माळ्यावरून डबा काढला. पॉइंट, कंडेन्सर, ब्रेकचे कप सगळे पुड्यांमध्ये. डायफ्रामचं किट मात्र शेवटून दुसरं. "टॅक्सी थी, तब तक धंदा था," ते म्हणाले. खरंय. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज रस्त्यावर झिजायच्या, म्हणून त्यांचे पार्ट बनायचे. जुनी टॅक्सी मोडीत निघाली की तिचे पार्ट दुसरीला लागायचे. टॅक्सींना 20 वर्षांची वयोमर्यादा लागली आणि मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी, 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदलेली, 2023 च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. पेपरांत छान छान फोटो आले. कुर्ल्यातल्या माळ्यावर त्याचा अर्थ एवढाच होता, की हा डबा आता पुन्हा भरणार नाही.

जे मिळत नाही, ते बनवा

गिअरचा बुश चाचांकडेही नव्हता. माझं ऑफिस अंधेरीला, म्हणून सोमवारच्या लंच टाइममध्ये मेट्रो पकडून साकीनाका गाठलं. तिथल्या गाळ्यांमध्ये लेथवर काहीही कातून मिळतं. अट एकच: झिजलेला का होईना, मूळ तुकडा हातात हवा. कारागिराने तो उलटसुलट फिरवला, व्हर्नियरने मापला, जिथे झिजला नव्हता तिथलं माप धरलं आणि नायलॉनच्या दांड्यातून नवा काढला. वीस मिनिटं! पैसे विचारले, तर माझ्या लंचच्या बिलापेक्षा कमी. आपल्याकडे प्रेझेंटेशनचा फॉन्ट ठरायला याहून जास्त वेळ लागतो.

चौथ्या रविवारी मिस्त्रींनी पॉइंटमधली फट लावली, पंप बसवला, टाकीतलं शिळं पेट्रोल काढून ताजं भरलं. तिसऱ्या स्टार्टरला गाडी खोकली, चौथ्याला धरली. बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. त्याच बिल्डिंगमधली ती शेवटची टाळी असावी, कारण निम्मी घरं रिकामी झाली होती.

मुलुंड ते बोरिवली

तीसेक किलोमीटर. कांजूरमार्गपर्यंत एलबीएस, मग जेव्हीएलआर, मग वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे. स्टिअरिंगवर बाबा. पवईच्या चढावर, ऐन ट्रॅफिकमध्ये, गाडी बंद! मागून हॉर्नचा ऑर्केस्ट्रा. मी टोवाल्याचा नंबर शोधायला फोन काढला. बाबांनी शांतपणे बॉनेट उघडलं, माझा नॅपकिन पाण्याच्या बाटलीत भिजवला आणि पंपावर टाकला. यालाच व्हेपर लॉक म्हणतात. इंजिनच्या उष्णतेने पाइपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंप थंड करा, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. दहा मिनिटांनी गाडी सुरू. गेल्या दोन वर्षांत बाबांनी एवढ्या खात्रीने केलेलं दुसरं काम मला आठवत नाही. रिटायर झाल्यापासून आमच्याकडे वायफायपासून बँकेच्या ॲपपर्यंत सगळं मीच त्यांना समजावते. पवईला समजावणारे ते होते.

बोरिवलीला आत्या ओवाळणीचं ताट घेऊन उभी होती. गाडीला आधी ओवाळलं, आम्हाला नंतर.

तुमच्याही घरी असेल, तर...

• 50 वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गाडी कागदोपत्री 'विंटेज' होत नाही. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार मूळ रूपात जपलेल्या अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर मिळतो, पण ती रोज ऑफिसला नेता येत नाही. आमची पद्मिनी 2035 पर्यंत नुसतीच जुनी!

• खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांनंतर दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून घ्यावी लागते. पार्टआधी आरसी बुकावरची तारीख बघा.

• 2025 पर्यंत 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल सगळीकडे आलं. जुन्या काळचं रबर इथेनॉलमध्ये फुगतं, भेगाळतं. पेट्रोलचे पाइप इथेनॉलला टिकणाऱ्या रबराचे घाला. इथेनॉल पाणीही ओढतं, म्हणून गाडी महिनोन्महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नका.

• काढलेला जुना पार्ट कधीही फेकू नका. उद्या लेथवाल्याला तोच दाखवायचा आहे.

• आणि मिस्त्री काम करत असताना व्हिडिओ काढा. आमचे मिस्त्री सत्तरीचे आहेत आणि त्यांच्या हाताखाली कुणी नाही. पॉइंटची फट ते मापत नाहीत, कानाने लावतात. माझ्या फोनमध्ये त्याची 11 मिनिटं आहेत. येत्या रविवारी पुन्हा बोलावलंय. या वेळी पाना माझ्या हातात असणार आहे.